माया सोडून कापा: लेकीसोबत घरी उचलता पूल बांधताना

ब्लाऊज कापताना माझं डोकं चालत नाही, हात चालतात. बावीस वर्षं मशीनवर बसतेय. म्हणूनच सईला शिवण शिकवायला घेतली की पाचव्या मिनिटाला कात्री माझ्या हातात आलेली असते. "अगं अशी नको, अशी धर" म्हणत म्हणत बाही मीच पुरी करते, आणि तोवर ही बया गॅलरीत पळालेली असते.

मुलांना घेऊन घरात काही मोठं, यंत्रासारखं हलणारं-चालणारं बनवायचं असेल तर माझा पहिला सल्ला यातूनच आलाय. तुम्हाला जे चांगलं येतं ते निवडू नका. दोघांनाही येत नाही असं काहीतरी घ्या. सुतार असाल तर लाकडाचं घेऊ नका, वायरमन असाल तर लायटिंगचं नको. मला मोटर, बेअरिंग, डायोड यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि सातवी संपवून आठवीत जाणाऱ्या सईलाही नव्हतं. आम्ही पहिल्यांदा बरोबरीने बसलो ते त्यामुळेच.

आम्ही बांधला तो पूल. मधला भाग सरळ वर उचलला जातो, खालून होडी जाते, मग तो खाली बसतो. सहा फूट लांब, घरच्या गणपतीपुढे मांडायला. काळाचौकीच्या चाळीतल्या एका खोलीत, जिथे शिलाई मशीन, कपाट आणि पलंग ठेवून उरलेल्या जागेत आम्ही तिघं राहतो. आता तुम्हाला पूल बांधायचा नसेलही, पण आम्ही काय केलं ते सांगते, त्यातलं तुमच्या कामाचं तुम्ही घ्या.

पूल का, आणि केवढा

६ एप्रिल २०२५ला, रामनवमीला, रामेश्वरमला जाणारा नवा पांबन पूल सुरू झाला. सईच्या बाबांच्या मोबाइलवर तिने त्याचा व्हिडिओ पाहिला आणि जेवताना सोडेना. जुना पूल १९१४चा. त्याचे दोन पंख माणसं हाताने दांडे फिरवून उघडायची. नव्यात सुमारे ७२ मीटरचा अख्खा तुकडा दोन मनोऱ्यांच्या मधून लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो. "आई, एवढं लोखंड उचलायला मोटर केवढी लागत असेल?" हा तिचा प्रश्न. मला काय माहीत! पण प्रश्न चांगला होता, आणि आमचं काम त्या प्रश्नापासून सुरू झालं.

प्रोजेक्ट असा शोधा, ज्याच्या पोटात मुलाचा स्वतःचा एक प्रश्न असेल. नुसतं "काहीतरी बनवू या" म्हटलं की आठ दिवसांत सगळं पलंगाखाली जातं. दुसरं म्हणजे तारीख बांधून घ्या. आमची तारीख देवानेच बांधलेली, २७ ऑगस्टला गणपती. बाप्पा कोणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे आळसाला जागा नव्हती.

माप तिने काढलं. मधला भाग २४ इंच धरला तर तो किती उचलायचा? २४ गुणिले १७ भागिले ७२, म्हणजे ५.६७ इंच. मी म्हटलं दहा इंच कर, शिडाची होडी जाईल, दिसेल छान. ती म्हणाली नाही, खऱ्यासारखा पाहिजे. सहावर तडजोड झाली. होडीचं शीड कापावं लागलं.

ब्राउन पेपर

इथे माझा धंदा उपयोगी पडला. इंजिनिअर लोक छोट्या कागदावर मोठ्या गोष्टी काढतात. आम्ही शिंपी तसं करत नाही. कटिंग काढायचं तर ब्राउन पेपरवर अंगाएवढंच काढतो. तुम्हीही तसंच करा. सहा फूट ब्राउन पेपर जमिनीवर पसरा आणि पूल आहे तेवढाच काढा. मनोरे, कप्पीची जागा, मोटरची पेटी, सगळं. मुलांना "एकास बारा" प्रमाण समजावत बसण्यापेक्षा हे बरं. कागदावर पट्टी ठेवली की तेच माप. वर काडी ठेवली की बसते का नाही ते दिसतं. आणि रात्रपाळी करून आलेला नवरा कागद ओलांडून मोरीकडे जाताना "हे काय, कोणाचा एवढा मोठा परकर?" असं म्हणतो, ती करमणूक वेगळी.

एक चूक मात्र माझ्याच धंद्याने केली. मापं मी माझ्या टेपने घेतली, गळ्यात असते तीच कापडी टेप. दोन मनोरे तीस तीस इंचांचे कापून आणले. एक सईने शाळेच्या पट्टीवरून आखलेला, एक मी टेपवरून. शेजारी उभे केले तर माझा पाव इंच उंच. दोघी भांडलो. मग तिने माझी टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघितली. वर्षानुवर्षं ताणून ताणून टेप लांबली होती. म्हणजे कितीतरी बायकांचे ब्लाऊज मी... जाऊ दे. लाकडाला, लोखंडाला स्टीलची पट्टी वापरा. आणि एका कामाला एकच पट्टी.

आमच्या शिवणकामात शिलाईच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात. पुढे बाई अंगाने भरली तर उसवून मोकळं करता येतं. प्रत्येक मापाला माया सोडा हे मी सईला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि पुलाला ते फार लागलं. उचलला जाणारा भाग मनोऱ्यांच्या मधून सरकतो तिथे तिने दोन्हीकडे एकेक मिलिमीटर जागा सोडली होती. मे महिन्यात सुरेख सरकत होता. जूनचा पाऊस लागला, लाकूड फुगलं, आणि पूल दारासारखा बसला. कानस मारून तीन तीन मिलिमीटर केले तेव्हा सुटला. मुंबईत पावसाळ्यात लाकडाचं काही करणार असाल तर उन्हाळ्याच्या मापावर जाऊ नका. चिकटवलेला जोडही एरवी तासाभरात धरतो, इथे रात्रभर चिमटे लावून ठेवावा लागतो. आमचे कपड्यांचे सगळे चिमटे जुलैत पुलाला होते, कपडे दोरीवर नुसते टाकलेले.

आधी चपलांच्या खोक्यात

खरं बांधायच्या आधी खोक्यात करून बघा. चपलांचं खोकं, विणायच्या दोन सुया, शिलाई मशीनमध्ये खालचा दोरा गुंडाळायच्या चार छोट्या चकत्या म्हणजे बॉबिन, आणि दोरा. बॉबिन म्हणजे तयार कप्पीच असते. सुईवर घातली की फिरते. काड्यापेटीचा पूल, त्याच्या टोकांना दोरा, दोरा बॉबिनवरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला नाणी.

या खोक्यात सईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नाणी नसताना पूल उचलायला दोरा ओढावा लागायचा. पुलाइतक्याच वजनाची नाणी लावली आणि पूल करंगळीने वर गेला. सोडला तर जिथल्या तिथे थांबला. खऱ्या पुलालाही मनोऱ्यांत असंच उलट वजन टांगलेलं असतं. मोटरला पूल उचलावाच लागत नाही, थोडा फरक आणि घर्षण तेवढं सोसायचं. हे मी तिला सांगितलं नाही, कारण मलाही तेव्हाच कळलं. आम्ही दोघी खोक्यासमोर बसून तो पूल वर-खाली करत राहिलो. त्या दिवशीची एक डिलिव्हरी राहिली.

खरेदी

कॉटन ग्रीनहून हार्बरने मशीद. पश्चिमेला उतरून नागदेवी स्ट्रीट, तिथे बेअरिंग, नटबोल्ट, वॉशर. तिथून चालत क्रॉफर्ड मार्केटकडे आलं की लोहार चाळ, तिथे वायर, स्विच. मोटर आणि डायोडला लॅमिंग्टन रोड, त्याला ग्रँट रोड स्टेशन. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

मी मंगलदास मार्केटला अस्तरासाठी महिन्यातून दोनदा जाते. लोहार चाळ तिथून हाकेच्या अंतरावर, पण बावीस वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. दुकानात गेलं की सेल्समन माझ्याकडे बघून विचारायचा, "भाभी, क्या चाहिए?" मी सईकडे बोट दाखवायचे. एवढंच करा. यादी मुलाच्या हातात द्या, पैसे तुमच्या पर्समध्ये ठेवा, आणि दुकानात गप्प बसा. पहिल्या दुकानात ती चाचरली. तिसऱ्या दुकानात "६०८ दिखाओ, बारह पीस, और एक घुमा के देखना है" असं म्हणाली.

६०८ हे बेअरिंगचं नंबरी नाव. आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. आठचा बोल्ट आरपार जातो. आम्हाला दहा लागत होते. प्रत्येक दोरीला मनोऱ्यावर दोन, कारण एकच ठेवला तर पलीकडे लोंबणारं वजन मनोऱ्याला घासतं. असे चार दोऱ्यांचे आठ आणि खाली दोन. बारा घेतले, दोन मायेचे.

बेअरिंगला कप्पी करायची तर दोन्ही बाजूंना मोठे वॉशर लावायचे, म्हणजे दोरी घसरत नाही. पण इथे एक गोम आहे. मोठा वॉशर थेट लावून नट आवळला की तो बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यालाही टेकतो आणि बेअरिंग फिरतच नाही. मध्ये आतल्या कड्याएवढाच छोटा वॉशर घालावा लागतो, मग मोठा. आमच्या दहाही कप्प्या आम्ही आधी चुकीच्या आवळल्या आणि वाटलं, दुकानदाराने गंज लागलेला माल दिला. त्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्यावर सईने एक खोलून पाहिली. तो बिचारा बरोबर होता.

मोटर १२ व्होल्टची, गिअरवाली, १० आरपीएम, म्हणजे मिनिटाला दहा फेरे. जास्त वेगाची घेऊ नका, पूल उडतो. दोरी गुंडाळायला माझं दोऱ्याचं रिकामं रीळ, व्यास २ सेंटिमीटर. एका फेऱ्यात ६.२८ सेंटिमीटर दोरी गुंडाळते. सहा इंच म्हणजे १५.२४ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फेऱ्यांना थोडं कमी, साधारण पंधरा सेकंद. हे गणित तिने वहीच्या मागच्या पानावर केलं आणि नंतर घड्याळ लावून ताडून पाहिलं. सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला, त्यात आमच्या दोघींच्या दोन वेळच्या वडापावचाही हिशोब आहे.

उसवू नका

पुलाच्या दोन बाजू आइस्क्रीमच्या काड्यांच्या, त्रिकोण त्रिकोण जोडून. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. चार काड्या टाचण्यांनी जोडून मुलाच्या हातात दिल्या की ते त्याला आपोआप कळतं. एक बाजू मी करायची, एक तिने. माझी कशी, इस्त्री केल्यासारखी. तिच्या जोडांवर गोंदाचे थेंब वाळलेले, काड्यांची टोकं एकसारखी नाहीत.

एका रात्री ती झोपल्यावर मी तिच्या बाजूचे तीन जोड ब्लेडने सोडवले आणि पुन्हा नीट चिकटवले. वाईट काही मनात नव्हतं. आमच्यात वाकडी शिलाई दिसली की हात उसवायला जातोच. सकाळी तिने बाजू उचलून उजेडात धरली. तिने काड्यांच्या पाठीवर पेन्सिलने बारीक आकडे घातले होते, ते मला ठाऊकच नव्हतं. सात नंबरच्या जागी नऊ लागला होता. काही बोलली नाही. बाजू ठेवून दिली, दप्तर घेतलं, शाळेत गेली. दोन दिवस पुलाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, "माझी मोडली असती का, ते तरी बघायचं होतंस."

मग आम्ही तेच बघितलं. तिने आपल्या पद्धतीने दोन बाजू नव्याने केल्या, थेंबांसकट. आडव्या काड्यांनी एकमेकींना जोडल्या, दोन स्टुलांवर टेकवल्या. मधोमध कापडाची रुंद पट्टी, पट्टीला बादली. ती मगाने पाणी ओतत होती, मी मोजत होते. सहा मग. आठ मग. दहाव्याला कुठेतरी कर्र झालं आणि माझ्या छातीत धस्स झालं, पण ते स्टूल होतं. बाराव्या मगाला बादली भरली. पूल तसाच. खाली गोधडी अंथरून ठेवली होती ती कोरडीच राहिली. ओबडधोबड होता, पण कमजोर नव्हता. मी फिनिशिंग बघत होते आणि त्यालाच मजबुती समजत होते.

तेव्हा कामं वाटून घेतानाच ठरवून टाका की कुठल्या भागावर शेवटचा शब्द कोणाचा. मग तो भाग कितीही वाकडा दिसो, दुसऱ्याने हात लावायचा नाही. शंका असेल तर वजन टांगून बघायचं.

हाच नियम शेजाऱ्यांनाही लावा. आमच्या गॅलरीतले एक आजोबा तरुणपणी गिरणीत मेंटेनन्सला होते, १९८२च्या संपात गिरणी सुटली. पट्टे, कप्प्या म्हणजे त्यांचा जीव. आले, पक्कड हातात घेतली, आणि दोन तास सोडली नाही. सई कोपऱ्यात उभी. मी चहा केला तरी पक्कड हातातच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही युक्ती केली. सई त्यांच्याकडेच जायची, एकच प्रश्न वहीत लिहून, वस्तू घरी ठेवून. मग ते फार छान सांगायचे. दोरी ताणते ती कशी ओळखायची, वंगण किती घालायचं, सगळं त्यांनीच सांगितलं. तुमच्याही घरात एक मामा, एक काका असा असतोच. त्याच्याकडे प्रश्न न्या, हत्यार नेऊ नका.

वजन आणि तिरका पूल

उचलायचा भाग स्वयंपाकाच्या काट्यावर ६४० ग्रॅम भरला. उलट वजन दोन्हीकडे मिळून ५८० ठेवलं. साठ ग्रॅमचा फरक मुद्दाम, म्हणजे रीळ उलटं फिरलं की पूल आपल्या वजनाने खाली येतो. रिळाची दोरी पुलाला नाही, उलट वजनांना बांधायची. ती वजनं खाली ओढली की पूल वर जातो.

वजनासाठी मी खणाच्या दोन थैल्या शिवल्या आणि चाळीमागे बांधकाम चालू होतं तिथून मागून आणलेली वाळू भरली. नेमकं भरून शिवलं. आठवड्याने मोटर कण्हायला लागली. पूल अर्ध्यात थांबायचा. मोटर बदलायची म्हणून पैसे काढून ठेवले तेवढ्यात सईने थैल्या पुन्हा काट्यावर ठेवल्या. वाळू पावसात भिजलेली आणली होती, पंख्याखाली वाळली आणि थैल्या हलक्या झाल्या. आता त्यात लोखंडी नट आहेत. मुंबईच्या पावसाळ्यात वाळू, तांदूळ, लाकूड यांच्या वजनावर विसंबू नका.

मग पूल तिरका वर जायला लागला. डावीकडचं टोक पुढे, उजवं मागे, आणि मध्येच अडकून बसायचा. आम्ही मनोरे तपासले, कप्प्या तपासल्या. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी सई पेटीत डोकं घालून मोटर चालू करायला लावून बसली आणि ओरडली. डावी दोरी रिळावर स्वतःच्याच अंगावर चढत होती. दोरी २ मिमी जाड. एक फेरा दुसऱ्यावर चढला की त्या फेऱ्यात २ गुणिले ३.१४ गुणिले ०.२, म्हणजे सव्वा सेंटिमीटर जास्त दोरी ओढली जाते. अर्धा इंचच की तो. यावर दोन उपाय केले. दोन रिळं एकाच दांड्यावर जोडून प्रत्येक दोरीला स्वतंत्र रीळ दिलं, आणि जाड दोरी काढून मासेमारीची विणलेली बारीक दोरी घातली. ती ताणतही नाही. नायलॉनची साधी दोरी घेऊ नका, परकराच्या नाडीसारखी रोज थोडी थोडी सैल होते.

विजेचं

यात माया-बिया नाही, इथे कडक राहा. भिंतीच्या २३० व्होल्टला मुलाने हात लावायचा नाही, आणि तुम्ही वायरमन नसाल तर तुम्हीही नाही. तयार, बंद डब्याचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या, त्याच्या पुढचं सगळं मुलाचं. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद पडणारा स्विच, नसेल तर या निमित्ताने वायरमनकडून बसवून घ्या. चाळीत पावसाळ्यात लादी ओली असते. सोल्डरिंग खिडकीशी करायचं, धूर तोंडावर घ्यायचा नाही, आणि झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायला हात लावायचा नाही, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. ड्रिल मशीन मी चालवलं, चष्मा लावून. प्लाय दुकानातच कापून घेतला.

पूल वर पोचला की मोटर आपोआप थांबायला हवी, नाहीतर काहीतरी तुटतं. त्यासाठी वर एक आणि खाली एक छोटा मायक्रोस्विच. पूल येऊन टेकला की स्विच दबतो, वीज तुटते. सोपं वाटतं. सईने जोडलं, पूल वर गेला, थांबला, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मग तो खाली येईना. कारण वीज तुटली ती तुटलीच. उलट दिशेने जायलाही तीच वाट होती.

याला डायोड लागतो. एका बाजूनेच वीज जाऊ देणारा, एकेरी रस्ता. १एन४००७ नावाचा, रुपया-दोन रुपयांचा. तो प्रत्येक स्विचच्या दोन टोकांना आडवा जोडायचा. वर जाणारी वीज अडते, खाली जाणारी डायोडमधून निघून जाते. अंगावर एका टोकाला चंदेरी पट्टी असते, ती कुठल्या बाजूला ते महत्त्वाचं. आम्ही उलटी लावली. आता पूल वर टेकला तरी मोटर थांबेना. स्विच दबलेला, वीज डायोडमधून आपली चालूच. मी अडॅप्टर उपटला तोवर एक जोड कडाडून सुटला होता. माझ्याच बाजूचा, इस्त्री केलेला. सई हसली नाही. पण तिने काडीच्या पाठीवर पेन्सिलने फुली मारली ती मी पाहिली.

म्हणून दोरी जोडायच्या आधी मोटर टेबलावर मोकळी ठेवा आणि स्विच बोटाने दाबून बघा. वर दाबला की थांबते का, बटण उलटं केलं की फिरते का. दोन्ही स्विचना चारही प्रकारे. मग दोरी.

मांडताना

मूर्ती हलणाऱ्या भागावर किंवा त्याच्या आधारावर ठेवू नका, तिचा पाट वेगळा. समईपासून काड्यांचा पूल हात-दीड हात लांब. आरतीच्या वेळी प्लग काढून ठेवा, मोटरचा आवाज टाळांत मिसळला तरी सासूबाईंना ऐकू येतो. मोटरखाली आम्ही बकरमच्या, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाच्या, चार घड्या घातल्या, त्याने आवाज बराच बसला. आणि बघायला येणाऱ्या पोरांसाठी एक माणूस बटणापाशी बसवा. पहिल्या संध्याकाळी चाळीतल्या पोरांनी पूल किती वेळा वर-खाली केला कोण जाणे. सई शेजारी बसून प्रत्येकाला उलट वजनाचं समजावत होती. आजोबांनाही समजावलं.

ठेवायला जागा नसते हे आधीच लक्षात घ्या. आमचा पूल विंग नटवर, म्हणजे हातानेच फिरवता येणाऱ्या कानवाल्या नटांवर, तीन तुकड्यांत सुटतो. मनोरे माळ्यावर गेले. मोटर आणि बेअरिंग डब्यात आहेत, कारण सई सध्या मोरीच्या दारासमोर स्टीलची पट्टी घेऊन उभी राहते आणि कशासाठी ते सांगत नाही. नटांच्या थैल्या मी घेतल्या, कापड कापताना दाबायला फार बऱ्या पडतात. एकीवर तिने पेनाने २९० लिहिलंय, दुसरीवर २८८. दोन ग्रॅम कुठे गेले म्हणून परवा तिने शिलाई उसवायला मागितली. मी नाही दिली.